सिकलसेलची तपासणी झाली, आता औषधाचं बोला

विदर्भात सिकलसेल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच, की हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे; त्यात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि वेदनेचे झटके येतात. उत्तर नागपुरातल्या वस्त्यांत, भंडारा-गोंदियाच्या खेड्यांत, गडचिरोलीच्या टोल्यांवर कधी शाळेत न गेलेली आजीसुद्धा नातवाचा ‘एएस पॅटर्न’ (फक्त वाहक) आहे की ‘एसएस’ (प्रत्यक्ष आजार), हे बरोबर सांगते. सोयरीक जुळवताना सिकलसेल तपासणीच्या कार्डाची विचारपूस होते. शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचं टिपण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं ते १९५८ साली, आणि ते काम नागपूरचं होतं. आजाराची आपली ओळख एवढी जुनी आहे.

या काळात औषधांचं संशोधन फार पुढे गेलं. आज या आजाराच्या बाळाचं निदान जन्मानंतर काही दिवसांत होऊ शकतं, आणि वेळेवर औषध सुरू झालं तर त्याच्या वाट्याला येणाऱ्या वेदना बऱ्याच अंशी टाळता येतात. हे करणारं मुख्य औषध, हायड्रॉक्सीयुरिया, महागडं नाही, नवं नाही आणि कुणाच्या पेटंटखालीही नाही. तरीही आपल्या सरकारी भाषणांत आणि जाहिरातींत सिकलसेलचा हिशोब मांडला जातो तो तपासण्यांच्या संख्येत. किती जणांच्या बोटाला सुई टोचली हे आपण मोजतो. किती मुलं रोज औषध घेतात, हा आकडा मात्र मला कुठल्याही फलकावर दिसत नाही. माझा आक्षेप या मोजणीला आहे, कारण उपचार मागे नसेल तर निदान त्या माणसाच्या काहीच कामाचं नसतं. उलट त्याचा त्रास होतो.

हा त्रास काय असतो ते अमेरिकेने पाहिलेलं आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचं वर्णन १९१० साली छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. त्यानंतर काही वर्षांतच व्हर्नन इनग्राम यांनी तो नेमका कुठे आहे तेही शोधलं: प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी एक अमायनो आम्ल बदललेलं. रेणूपर्यंत कारण कळलेला हा पहिलाच आजार. पण तिथून पुढे उपचार यायला चार दशकं लागली. आजार तिथे प्रामुख्याने काळ्या लोकांना होता आणि त्याच्यावर पैसा खर्च करायची कुणाला घाई नव्हती. १९७१च्या सुमारास काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने स्वतः वस्त्यांत तपासणी सुरू केली, तेव्हा कुठे राजकारण हललं आणि १९७२ मध्ये सिकलसेलसाठी कायदा झाला. मग राज्याराज्यांत तपासणीची लाट आली. हातात औषध नव्हतं. नीट समुपदेशनही नव्हतं. परिणाम असा झाला, की जे फक्त वाहक होते, ज्यांना काहीही आजार नव्हता, त्यांना नोकऱ्या आणि विमा नाकारला जाऊ लागला. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांसाठी १९८१पर्यंत बंद होते.

हे चित्र बदललं ते एका साध्या औषधामुळे. सिकलसेलच्या बाळांची प्लीहा लवकर निकामी होते, त्यामुळे न्यूमोकोकस या जंतूचा संसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. डॉ. मेरिलिन गॅस्टन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत लहान मुलांना रोज तोंडाने पेनिसिलिन देऊन पाहिलं गेलं. १९८६ मध्ये निष्कर्ष छापून आले: संसर्गाचं प्रमाण ८४ टक्क्यांनी घटलं होतं. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास ठरल्या मुदतीच्या आठ महिने आधीच थांबवावा लागला. औषध न मिळणाऱ्या गटाला तसं ठेवणं अनैतिक ठरलं असतं. पुढच्याच वर्षी तिथल्या तज्ज्ञांनी सर्व नवजात बाळांच्या तपासणीची शिफारस केली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी औषध सिद्ध झालं आणि त्यामुळे तपासणीला अर्थ आला. जन्मतःच निदान का करायचं, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन सुरू करता यावं म्हणून.

आता मुख्य औषधाकडे वळू. हायड्रॉक्सीयुरिया हे रसायन जर्मनीत १८६९ साली तयार झालं आणि जवळपास शंभर वर्षं त्याचा काही उपयोग सापडला नाही. १९६०च्या दशकात ते रक्ताच्या कर्करोगावर वापरलं जाऊ लागलं. दरम्यान एक वेगळा धागा तयार होत होता. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं होतं, की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फार कमी दिसतात. त्यांनी अंदाज बांधला, की गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला काही महिने सांभाळतं. ते हिमोग्लोबिन पुढेही टिकवता आलं तर? १९८०च्या दशकात दिसलं, की हायड्रॉक्सीयुरिया नेमकं हेच करतं. १९९५ मध्ये २९९ प्रौढ रुग्णांवरच्या अभ्यासात वेदनेचे झटके, आपण ज्याला ‘क्रायसिस’ म्हणतो ते, जवळजवळ निम्म्यावर आले. तोही अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी मान्यता मिळाली. मुलांसाठीची औपचारिक मान्यता तिथेही यायला २०१७ उजाडलं. या प्रवासात विज्ञान कमी पडलं असं म्हणता येणार नाही. पेटंट नसलेल्या जुन्या औषधाच्या मुलांवरच्या चाचण्यांचा खर्च कुठल्या कंपनीने उचलावा, हा प्रश्न रेंगाळत राहिला.

आपल्याकडे उशिराचं कारण वेगळं होतं. भारतातल्या रुग्णांत गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा बहुतेकदा जास्त असतं. त्यावरून ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो’ अशी समजूत रूढ झाली. पुस्तकात ते वाचून आलेल्या डॉक्टरला समोर किंचाळणारं पोर दिसत असतानाही मोठा उपचार सुरू करावासा वाटत नसे. ही समजूत खोडून काढण्यात नागपूरचा वाटा मोठा आहे. मेडिकलच्या, म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, बालरोग विभागात वर्षानुवर्षं येणाऱ्या मुलांच्या नोंदींतून दिसत गेलं, की इथल्या मुलांनाही वारंवार क्रायसिस होतात, रक्त लावावं लागतं, छातीत गुंतागुंत होते. याच विभागातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी गंभीर त्रास असलेल्या मुलांना हायड्रॉक्सीयुरियाचा कमी आणि कायम ठेवलेला डोस, किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, देऊन पाहिला आणि त्याची तुलना औषध नसलेल्या कॅप्सूलशी केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात क्रायसिस आणि रक्त लावण्याची गरज दोन्ही स्पष्टपणे कमी झाली.

याचं महत्त्व पुरेसं सांगितलं जात नाही, म्हणून मी थोडं थांबतो. पाश्चात्त्य पद्धतीत डोस वाढवत वाढवत शरीराला सोसेल त्या टोकापर्यंत नेतात. त्यासाठी वारंवार रक्ताच्या पेशी मोजाव्या लागतात, प्रयोगशाळा जवळ असावी लागते. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर आहे. तिथल्या मुलाला ती पद्धत लागू करायची म्हणजे औषध नाकारल्यासारखंच आहे. कमी, ठरलेल्या डोसमध्ये धोका कमी आणि तपासण्याही तुलनेने कमी. आपल्या परिस्थितीतून उठलेल्या प्रश्नाला आपल्या रुग्णालयाने दिलेलं हे उत्तर होतं. सरकारी दवाखान्याच्या गर्दीत, ओपीडीची रांग संपवून, अशा कामासाठी वेळ काढणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तरी ते उत्तर गावापर्यंत पोचलेलं नाही. अडचणी छोट्या दिसतात, पण प्रत्येक अडचण औषध बंद पाडायला पुरेशी असते. सर्वत्र मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. १५ किलोच्या मुलाला हवेत १५० मिलिग्रॅम. मग आईने कॅप्सूल उघडून पूड पाण्यात कालवायची, त्यातला अंदाजे तिसरा हिस्सा द्यायचा आणि उरलेलं फेकायचं, अशी पद्धत चालत आली. या औषधाची पूड हाताळणं सुरक्षित नाही, डोस दररोज वेगळा पडतो. २०२४ मध्ये एका भारतीय कंपनीने मुलांसाठी पातळ औषध आणलं. परदेशातून आणायचं तर याच औषधाला सुमारे ७७ हजार रुपये पडत, इथलं सुमारे ६०० रुपयांत देण्याची घोषणा झाली. पाळणाघरातल्या मुलाच्या वजनाचा विचार करून औषध बनवणं हेही संशोधनच आहे, आणि ते जनुकांच्या संशोधनाइतकंच मोलाचं आहे. आता ही बाटली प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीवर बाराही महिने असणं, हे सरकारच्या हातात आहे.

दुसरी अडचण भीतीची. औषधाच्या माहितीपत्रकावर कर्करोगाचा उल्लेख असतो. घरातलं कुणी शिकलेलं पोर ते वाचतं, किंवा शेजारचा कुणी सांगतो, आणि ‘आमच्या लेकराला कॅन्सरचं औषध देताहेत’ म्हणून ते बंद होतं. रागवून ही भीती जात नाही. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासायचं आहे, मूल होऊ देण्याचा विचार असेल तेव्हा डॉक्टरांशी बोलायचं आहे, गरोदरपणात ते सहसा देत नाहीत, हे सगळं मराठीत, गोंडीत, माडियात कुणीतरी बसून सांगितलं पाहिजे. तिसरी अडचण अशी, की औषधाचा फायदा डोळ्यांना दिसत नाही. न आलेला क्रायसिस कुणाला जाणवत नाही. महिनाभर बरं वाटलं की बाटली फळीवर जाते.

‘आपल्यासारख्या ठिकाणी हे जमणार नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आफ्रिकेकडे पाहावं. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांत सुमारे ६०० मुलांना हायड्रॉक्सीयुरिया देऊन झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदना कमी झाल्या, रक्त कमी लावावं लागलं, मृत्यू घटले. मलेरियाही वाढला नाही, उलट कमी झाला. गडचिरोलीसाठी ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. काँगोच्या किन्शासात जमतं ते कुरखेड्यात का जमू नये?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल अभियान सुरू झालं. २०४७पर्यंत आजार संपवायचा आणि त्यासाठी चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं लक्ष्य ठेवलं गेलं. २०२५च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक तपासण्या झाल्या आणि दोन लाखांहून अधिक रुग्ण सापडले. हे काम मोठं आहे. घरोघर फिरलेल्या आशाताईंचे, परिचारिकांचे, प्रयोगशाळा तंत्रज्ञांचे कष्ट त्यात आहेत, ते मी कमी लेखत नाही. प्रश्न त्या दोन लाखांचा आहे. त्यांतले किती जण आज सलग औषध घेतात? पाच वर्षांखालच्या किती मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस मिळते? मुलांमध्ये पक्षाघाताचा धोका आधीच ओळखणारी डोक्याची डॉप्लर तपासणी किती जिल्हा रुग्णालयांत होते? अभियानाच्या प्रगतीचे फलक या प्रश्नांच्या उत्तरांनी भरलेले असायला हवेत.

लग्नाआधी कार्डं जुळवून पाहा, या सल्ल्यावर दिला जाणारा भर मला अपुरा वाटतो आणि थोडा अन्यायाचाही. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, ही माहिती प्रत्येक जोडप्याला मिळालीच पाहिजे. गर्भाची तपासणी हवी असेल त्यांना ती परवडली पाहिजे. पण आजार संपवायची सगळी जबाबदारी वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या लग्नावर टाकली, की ओझं पुन्हा त्याच आदिवासी, बौद्ध आणि इतर मागास समाजांवर पडतं ज्यांनी या आजाराचं दुःख आधीच सोसलं आहे. त्यातही मुलींवर जास्त, कारण वाहक मुलीचं लग्न मोडतं तसं मुलाचं मोडत नाही. शिवाय आज जी मुलं आजार घेऊन जगत आहेत त्यांच्यासाठी या सल्ल्यात काहीच नाही.

जनुकांवरच्या उपचारांची बातमी आली की सगळ्यांचे डोळे लुकलुकतात, आणि ते स्वाभाविक आहे. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करणारा एक स्विच आपल्या जनुकांत असतो. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी काढून, क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या तंत्राने तो स्विच निकामी करून त्या परत शरीरात सोडायच्या, असा ‘कॅसजेव्ही’ हा उपचार २०२३च्या अखेरीस आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर झाला. चाचणीत ज्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही गंभीर क्रायसिस आला नाही. वॉटसन यांनी १९४८ मध्ये नवजात बाळांच्या रक्तात जे पाहिलं, त्याचंच हे टोक. माणसाच्या बुद्धीने इथवर मजल मारली, याचा मला निखळ आनंद आहे.

पण किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक. शिवाय मूळपेशी परत सोडण्याआधी केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, रुग्णालयात कित्येक आठवडे काढावे लागतात, वंध्यत्वाचा धोका असतो. म्हणून भारतात होणारं काम जास्त जवळचं वाटतं. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने क्रिस्परचं स्वतःचं रूप विकसित केलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सिकलसेलवरच्या देशी उपचाराची घोषणा झाली. त्याला बिरसा मुंडांचं नाव दिलं आहे. उत्पादनासाठी तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं आहे. हे पुढे गेलंच पाहिजे.

मात्र नवं औषध म्हणजे चांगलंच, असं धरून चालू नये. व्होक्सेलोटॉर नावाच्या गोळीला अमेरिकेत २०१९ मध्ये झटपट मान्यता मिळाली ती हिमोग्लोबिनचा आकडा वाढतो एवढ्या आधारावर. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली, कारण पुढच्या अभ्यासांत ती घेणाऱ्यांमध्ये क्रायसिस आणि मृत्यू जास्त दिसू लागले. अहवालातला आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असं नसतं. हे कळायला वर्षानुवर्षं रुग्णांचा पाठपुरावा लागतो, आणि तो रुग्ण राहतात तिथेच होऊ शकतो.

म्हणूनच माझा आग्रह नागपूरसाठी आहे. मेडिकल, मेयो आणि डागा ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स आणि आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचं चंद्रपूरचं केंद्र हे सगळं दोन-अडीच तासांच्या टप्प्यात आहे. मध्य भारतातले रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या इथे येत आहेत. या संस्थांनी मिळून एकच रुग्णनोंदवही ठेवली तर जगाला उपयोगी पडेल असं ज्ञान इथून निघेल. इथले प्रश्न बोस्टनमध्ये कुणाला सुचणार नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, अंगातलं पाणी कमी झालं की क्रायसिस उसळतात. शेतावर मजुरी करणाऱ्या एसएस रुग्णाने उन्हाळ्यात किती पाणी प्यावं, कामाचे तास कसे बदलावेत, औषधाच्या डोसवर त्याचा परिणाम होतो का? डिसेंबरच्या थंडीचं काय? कुपोषित मुलाला तोच डोस चालतो का? गोंड, माडिया आणि बौद्ध कुटुंबांत आजाराची तीव्रता सारखीच असते का? या प्रश्नांवरच्या अभ्यासांना जनुक-कात्रीइतका पैसा लागत नाही. लागतात ते कायमस्वरूपी भरलेल्या जागांवरचे डॉक्टर, समुपदेशक आणि नोंदी ठेवणारी माणसं. कंत्राटी कर्मचाऱ्याचं कंत्राट अकराव्या महिन्यात संपतं, आणि त्याच्याबरोबर रुग्णाचा पाठपुरावाही संपतो.

चाचण्यांबद्दल आदिवासी आणि दलित वस्त्यांत अविश्वास आहे, आणि त्याला कारण आहे. गरिबांना प्रयोगासाठी वापरून सोडून दिल्याच्या आठवणी या देशात आहेत. २०१९च्या नव्या औषधं व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांत नुकसानभरपाईची आणि चाचणीनंतरही औषध मिळण्याची तरतूद आहे. देशी जनुकोपचाराची चाचणी विदर्भात होणार असेल, आणि ती व्हायला हवी, तर पहिल्या दिवशीच लेखी करार हवा: ज्या जिल्ह्यांतले रुग्ण चाचणीत उतरले त्या जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांना उपचार कोणत्या दराने मिळेल. या करारात रुग्णांच्या संघटनांना सही करण्याचा हक्क असावा.

पैशाचा मुद्दा येणारच. मार्च २०१२ मध्ये भारत सरकारने सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधावर सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला ते बनवायची परवानगी, दिला आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. क्षयाच्या बेडाक्विलिनवर पेटंटची मुदत लांबवण्याचा अर्ज २०२३ मध्ये फेटाळला गेला, त्यात याचिका करणारी एक तरुणी स्वतः क्षयातून उठलेली मुंबईची होती. महागड्या औषधाची किंमत खाली आणता येते, हे आपण करून दाखवलं आहे. हायड्रॉक्सीयुरियाच्या बाबतीत तर तीही लढाई उरलेली नाही. ते आधीच स्वस्त आहे. त्यात कुणाला मोठा नफा नाही, म्हणून त्याचा प्रचार करायला कंपनीचा प्रतिनिधी तालुक्याच्या डॉक्टरकडे येत नाही. ते काम सरकारचं आहे.

जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मासिक अहवालात तपासण्यांच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने घालावेत: या महिन्यात किती एसएस रुग्णांनी औषध नेलं, किती जण न्यायला आले नाहीत, आणि न आलेल्यांपैकी किती जणांच्या घरी कुणी जाऊन आलं. हे अहवाल दर तीन महिन्यांनी जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीसमोर वाचले जावेत आणि गावाला पाहता यावेत. पुढच्या हिवाळी अधिवेशनात विदर्भातल्या आमदारांना हे तीन आकडे विचारता येतील.